कर्मणी प्रयोगावरचा खोटा गुन्हा

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत एक चर्चा रंगली. निमित्त तसे क्षुल्लक होते. जवळच्याच एका गावात फलकावर ‘नळयोजनेचे काम पूर्ण करण्यात आले आहे’ असे लिहिलेले होते आणि त्या गावच्या तोट्यांना पाणी नव्हते. एका तरुण कार्यकर्त्याने त्या वाक्याचा फोटो सगळ्यांना दाखवला आणि आरोप ठेवला तो कंत्राटदारावर नव्हे, ग्रामसेवकावरही नव्हे, तर व्याकरणावर. हे ‘करण्यात आले’ म्हणजे साहेबाच्या इंग्रजीतला पॅसिव्ह व्हॉइस. साहेब गेला, पण अंग काढून घ्यायची त्याची भाषा आपल्या कचेऱ्यांत ठेवून गेला. म्हणून मराठीतून कर्मणी प्रयोग हद्दपार करा, असे त्याचे म्हणणे. उलट बाजूला इंग्रजीचे दोन शिक्षक होते. पॅसिव्ह ही सभ्य आणि कार्यालयीन भाषा आहे, शिवाय परीक्षेत तिच्यावर हमखास गुण मिळतात, एवढेच त्यांचे उत्तर. दोन तास गेले, चहा झाला, आणि इंग्रज माणूस हा प्रयोग रोजच्या बोलण्यात नेमका कशासाठी वापरतो हे मात्र कोणी सांगितले नाही. मी सव्वीस वर्षे खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवले आहे, तेव्हा या अज्ञानात माझाही वाटा आहे हे आधीच मान्य करतो.

माझे मत असे आहे की प्रयोग निर्दोष आहे. वाक्य कर्तरी की कर्मणी यावरून ते प्रामाणिक की लबाड हे ठरत नाही. इंग्रजी पॅसिव्ह हे मुख्यतः कोणाविषयी बोलायचे ते आधी ठेवण्याचे साधन आहे. कर्ता लपवणे हा त्याचा एक उपयोग आहे, एकमेव नाही आणि सर्वांत परिणामकारक तर मुळीच नाही. लपवायचे असेल तर त्याहून सफाईदार हत्यारे कर्तरी वाक्यात आहेत आणि आमच्या मराठीत ती चांगली पाजळलेली आहेत. म्हणून कर्मणीवर बंदी घालणारे चुकीच्या माणसाला पकडून आणत आहेत, आणि गुणांसाठी त्याचे गोडवे गाणारे त्याला ओळखतच नाहीत.

आधी इंग्रजीचे पाहू. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजीच्या एका मोठ्या व्याकरणात प्रत्यक्ष बोलल्या-लिहिल्या गेलेल्या मजकुराची मोजदाद केलेली आहे. तिच्यानुसार गप्पांमध्ये शंभर क्रियापदांपैकी सुमारे दोन पॅसिव्ह असतात, बातम्यांत सुमारे पंधरा आणि विद्वानांच्या लेखनात पंचवीसच्या आसपास. म्हणजे साहेब घरात फारसा पॅसिव्ह बोलत नाही. पण जेथे बोलतो तेथे त्याच्याशिवाय त्याचे भागत नाही. ‘आय वॉज बॉर्न इन…’ हे वाक्य कर्तरीत फिरवून पाहा, आईला कर्ता करावे लागेल आणि ऐकणारा चमकेल. ‘ही वॉज अरेस्टेड’ म्हटल्यावर पोलिसांचे नाव कशाला हवे? दुसरे कोण अटक करणार? ‘माय बाइक वॉज स्टोलन’ म्हणणाऱ्याला चोराचे नाव ठाऊक असते तर तो ठाण्यात कशाला जाता? कर्ता उघड आहे, किंवा अज्ञात आहे, किंवा त्याचे येथे काम नाही, अशा तीन साध्या कारणांनी बोलणारा त्याला गाळतो. पाठ्यपुस्तकात प्रत्येक पॅसिव्ह वाक्याच्या शेपटाला ‘बाय अमुक’ बांधलेले असते. प्रत्यक्ष इंग्रजीत बहुसंख्य पॅसिव्ह वाक्यांना हे शेपूट नसतेच.

आणि जेथे कर्त्याचे नाव महत्त्वाचे असते तेथे तो पॅसिव्हमध्येही ठळक उभा राहतो. याचे उदाहरण आमच्या गावच्या प्रत्येक पोराला पाठ आहे, फक्त ते व्याकरण आहे हे त्याला कोणी सांगितलेले नाही. क्रिकेटचा धावफलक घ्या. फलंदाजाचे नाव, पुढे ‘कॉट’ आणि झेल घेणाऱ्याचे नाव, मग ‘बोल्ड’ आणि गोलंदाजाचे नाव. ही दोन्ही रूपे कर्मणीची आहेत: अमुक झेलला गेला, तमुककडून बाद केला गेला. ओळ फलंदाजाची आहे म्हणून तो आधी येतो. पण त्याला बाद करणारे दोघेही नावानिशी हजर असतात आणि त्यांचे श्रेय रतीभर कमी होत नाही. कर्मणी प्रयोग कर्त्याला गायब करतोच असे म्हणणाऱ्याने एकदा हा फलक वाचावा.

इंग्रजीला या साधनाची एवढी गरज का पडते आणि मराठीला का पडत नाही, हे समजण्यासाठी व्याकरणाचे पुस्तकही लागत नाही. एक साप पुरतो. इंग्रजीत नावाला कर्ता की कर्म हे दाखवणारा विभक्तीचा प्रत्यय नाही. कोण चावला आणि कोणाला चावला हे केवळ शब्दांच्या क्रमावरून कळते. त्यामुळे गणपतविषयी बोलायचे, गणपत आधी आणायचा, तर क्रियापदच फिरवावे लागते: ‘गणपत वॉज बिटन बाय अ स्नेक’. आम्ही नुसते ‘गणपतला साप चावला’ म्हणतो. वऱ्हाडात ‘गणपतले’. त्या ‘ला’ने किंवा ‘ले’ने काम झाले, गणपत आधी आला आणि क्रियापदाला हातही लावावा लागला नाही. ‘सापाकडून गणपत चावला गेला’ असे मराठीत कोणी म्हणत नाही, भाषांतराची प्रश्नपत्रिका सोडली तर. रात्रीच्या वेळी खेड्यात तर सापाचे नावच घेत नाहीत, ‘याला पान लागलं’ म्हणतात. चावणारा वाक्यातून पार नाहीसा झाला. क्रियापद मात्र साधे, अकर्मक, कर्तरी. भीतीपोटी कर्ता लपवण्याची ही युक्ती आमच्या आज्यापणज्यांना कोणत्याही साहेबाने शिकवलेली नाही.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे, आणि ते लेचेपेचे करून नव्हे. पॅसिव्ह वाक्य कर्त्याला बाहेर ठेवण्याची मुभा देते हे खरे आहे, आणि सत्तेवरच्या माणसाला ही मुभा फार आवडते हेही खरे आहे. ‘मिस्टेक्स वेअर मेड’ ही अमेरिकी राजकारणातली कुप्रसिद्ध शब्दयोजना. १९८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन इराणला विकलेल्या शस्त्रांच्या प्रकरणावर बोलले तेव्हा त्यांच्या तोंडी हीच रचना होती. त्यांच्याही कितीतरी आधी, १८७६ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी तिला ‘सगळ्यांना दिसते आहे आणि मी कबूल करतो’ अशी पुस्तीही जोडली. आणि पुढच्याच श्वासात चुका बहुधा मदतनिसांच्या निवडीत झाल्या असे सांगितले. आमच्या वऱ्हाडाच्या वाट्याला तर याहून मोठा नमुना आलेला आहे. १८५३ मध्ये निजामाने हा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला, त्यानंतर इंग्रजी दप्तरात त्याचे नाव पडले ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’, म्हणजे हैदराबादचे ‘सोपवले गेलेले’ जिल्हे. एका आख्ख्या प्रांताच्या नावातच कर्मणी धातुसाधित! कोणी सोपवले, का सोपवले, कोणाच्या धाकाने, यांतले काहीही त्या नावात नाही. तालुक्याच्या ठिकाणी ‘आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे’ असे पत्र हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हा अनुभव नवा नाही, आणि त्याचा संताप मी खोटा ठरवत नाही.

पण ‘असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’चे कर्तरी अर्थाचे वाक्य करून पाहा. वर ते मी ओघात करूनही टाकले आहे: ‘निजामाने हा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला.’ कर्ता नावानिशी आला, क्रिया आली, कर्म आले. बंदीवाद्यांची अट पूर्ण झाली. वाक्य अधिक खरे झाले का? उलट अधिक खोटे झाले. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीतल्या फौजेचा खर्च निजामाच्या डोक्यावर होता. तो थकत गेला, त्याचे कर्ज झाले, आणि डलहौसीने त्या कर्जापोटी मुलूख मागितला. निजामाने सही केली, हे बरोबर. पण ‘निजामाने दिले’ या स्वच्छ कर्तरी अर्थाच्या वाक्यात मागणारा हात दिसत नाही. ‘सोपवले गेलेले’ हा शब्द निदान ‘कोणी?’ असे विचारायला जागा ठेवतो. ‘निजामाने दिले’ हे वाक्य तो प्रश्न विचारण्यापूर्वीच त्याचे चुकीचे उत्तर देऊन मोकळे होते. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बोलीवर वऱ्हाडाचा कायमचा पट्टा लिहून घेतला, तेव्हाही ‘निजामाने पट्टा दिला’ असेच कर्तरी अर्थाने सांगता आले असते आणि त्यात व्याकरणाची एकही चूक निघाली नसती.

हा दूरचा इतिहास वाटत असेल तर जवळचे सांगतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या दिवसांत चहाच्या टपरीपासून वरच्या बैठकीपर्यंत जे वाक्य फिरत होते ते ‘शेतकऱ्यांनी काळजी घेतली नाही’. मोजे घातले नाहीत, तोंडाला फडके बांधले नाही, वाऱ्याच्या दिशेचे भान ठेवले नाही. सगळी वाक्ये सकर्मक, सगळ्यांत कर्ता हजर, आणि तो कर्ता मेलेला. औषधांचे मिश्रण करायला कोणी सांगितले, पाठीवरचा पंप कसा होता, डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत उन्हाच्या तिरपेत मोजे घालून आठ तास फवारता येते का, हे प्रश्न त्या वाक्यांनी बाहेरच ठेवले. कर्त्याचे नाव घेणे म्हणजे जबाबदारी निश्चित करणे असे मानणाऱ्यांनी या वाक्यांकडे नीट पाहावे. दोषारोप करायला कर्तरी अर्थाचे वाक्य फार सोयीचे असते, कारण त्यात कोणाला तरी कर्ता करावेच लागते आणि जो सर्वांत दुबळा तो हाताशी सापडतो.

याहून कठीण वाक्य आमच्याकडे दुसरे आहे. ‘शेतकऱ्याने आत्महत्या केली.’ विदर्भातल्या वर्तमानपत्रांनी गेल्या तीस वर्षांत ते किती वेळा छापले असेल याची गणती मला करवत नाही. अर्थाच्या दृष्टीने त्यात करणारा एकच आहे आणि तोच गेला आहे. वाक्य तेथे संपते आणि चौकशीही बहुतेक वेळा तेथेच संपते. नंतर १ लाख रुपयांच्या सरकारी मदतीसाठी कागद फिरतात आणि ‘प्रकरण अपात्र ठरविण्यात आले’ असे उत्तर येते. माझे तरुण मित्र या दुसऱ्या वाक्यावर चिडतात, आणि चिडायलाच हवे. पण दोन्हींपैकी कोणते वाक्य जास्त लपवते? अपात्र कोणी ठरवले याचा कागद शोधला तर सापडतो, त्या समितीवर कोण असते तेही विचारता येते. पहिल्या वाक्यातून गळालेले सावकाराचे व्याज, पडलेला भाव, उगवलेच नाही ते बियाणे, हे कोणत्या कार्यालयात विचारायचे?

आणि आमच्या रोजच्या अकर्मक क्रियापदांचे काय करणार? लाइन गेली. बिल निघाले नाही. अनुदान आले नाही. पंचनामा व्हायचा आहे. फाइल वर अडकली. धुऱ्यावरची बाभूळ तुटली. यांत एकही कर्मणी नाही. बिल जणू स्वतःच्या पायांनी निघते आणि फाइल स्वतःच्या हौसेने अडकते. ‘फाइल अडकवण्यात आली’ असे कोणी म्हटले तर निदान अडकवणारा कोणीतरी आहे एवढे तरी त्या शब्दात शिल्लक राहते. ‘अडकली’मध्ये तेही उरत नाही. मार देणाऱ्याला वगळून ‘त्याने मार खाल्ला’, बोलणाऱ्याला वगळून ‘तिने बोलणी खाल्ली’ असे आपण सहज म्हणतो. इंग्रज ‘ही गॉट बीटन’ म्हणून जे साधतो ते आम्ही जेवणाच्या क्रियापदाने साधतो, आणि मार खाणारा मराठीत चक्क कर्ता होऊन बसतो.

परकेपणाचा आरोप आता. कर्मणी ही इंग्रजांची देणगी आहे असे ठासून सांगणाऱ्यांना मी एकच विनंती करतो: ‘पाहिजे’ आणि ‘म्हणजे’ हे दोन शब्द टाळून दिवसभर बोलून दाखवा. दोन्ही जुन्या मराठी कर्मणीचे उरलेले अवशेष आहेत. म्हणिजे, करिजे, देखिजे अशी ‘ज’ची रूपे जुन्या भाषेत सर्रास होती, व्याकरणकार त्यांना पुराण कर्मणी म्हणतात. ‘जें जें भेटे भूत । तें तें मानिजे भगवंत’ या ज्ञानेश्वरीतल्या ओवीत मानणाऱ्याचे नाव नाही, कारण ते प्रत्येकाने मानायचे आहे. त्या वेळी मुंबई बेटावर इंग्रज नव्हता. आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा लिहून काढल्या. त्यांत पानोपानी ‘सर्वज्ञें म्हणितलें’, म्हणजे चक्रधर म्हणाले, असे येते. या रचनेचे मूळ संस्कृतातल्या कर्मणी वाक्यात आहे, कर्ता तृतीयेत आहे, आणि तरीही तो वाक्याच्या तोंडाशी, पूर्ण मानाने बसलेला आहे.

येथे त्या चर्चेतला सर्वांत मोठा घोटाळा सांगितला पाहिजे. मराठी व्याकरणातला कर्मणी प्रयोग आणि इंग्रजीतला पॅसिव्ह व्हॉइस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मी भाकर खाल्ली’ हे मराठीत कर्मणी आहे, कारण क्रियापद भाकरीच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. इंग्रजीत त्याचे भाषांतर निखळ ॲक्टिव्ह होते. म्हणजे मराठीतून कर्मणी हद्दपार करायची शपथ घेतलेल्या कार्यकर्त्याला ‘आम्ही मोर्चा काढला’ हेही म्हणता येणार नाही. त्याची तक्रार ‘केले जाते’ आणि ‘करण्यात येते’ या रचनांबद्दल आहे. तर त्याने तेवढेच म्हणावे. त्यांपैकी ‘च्याकडून’ आणि ‘द्वारे’ लावून केलेली वाक्ये इंग्रजीच्या वळणाने बोकाळली हे मला मान्य आहे. ‘मुख्यमंत्र्यांच्या हस्ते’ ही आपली रचना असताना ‘मुख्यमंत्र्यांद्वारे उद्घाटन केले गेले’ असे लिहिणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण ‘जाणे’ लावून केलेला कर्मणी खेड्यात बोललाच जात नाही, हे म्हणणे विदर्भात तरी टिकत नाही. ‘चोराले पकडल्या गेलं’, ‘आमच्याकडे असं केल्या जाते’, ‘त्याले बोलावल्या गेलं होतं’ ही वाक्ये बाजारात, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात रोज ऐकू येतात. ‘केले जाते’, ‘केली जाते’ अशी लिंगवचनाची कसरत न करता सगळीकडे एकच ‘केल्या’, ‘पकडल्या’. पुण्याकडचे मुद्रितशोधक ते दुरुस्त करतात आणि आमचे शिक्षक त्याला अशुद्ध म्हणून वर्गात हशा पिकवतात. मीही पिकवला आहे, आणि आता त्याची लाज वाटते. इतकी घट्ट रुजलेली, स्वतःचा साचा असलेली रचना ज्या बोलीत आहे, त्या बोलीच्या लोकांना ही साहेबाची भाषा आहे असे सांगणे हा विनोदच आहे.

बंदीवाद्यांच्या हाती इंग्रजीतूनच आलेले एक प्रमाणपत्रही असते. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने १९४६ मधल्या एका निबंधात, कर्तरी वापरता येत असेल तेथे पॅसिव्ह कधीही वापरू नये, असा नियम घालून दिला. त्याचा रोख खुनशी राजकीय भाषेवर होता आणि तो रास्त होता. पण लोक जमेल तेथे कर्तरीऐवजी पॅसिव्ह वापरतात, ही त्याच निबंधातली त्याची तक्रारच मुळात पॅसिव्ह वाक्यात लिहिलेली आहे. ढोंग म्हणून मी हे सांगत नाही. तक्रार पॅसिव्हविषयी होती, म्हणून पॅसिव्ह वाक्यात आधी आला. चांगल्या लेखकाच्या हाताने नियम बाजूला सारून योग्य तेच केले.

ज्या भाषेला आपण पळपुट्यांची म्हणतो तिच्यातच आमच्या अर्ध्या विदर्भाच्या मुक्तीचे वाक्य लिहिलेले आहे, हे त्या खोलीत कोणालाच आठवले नाही. राज्यघटनेचे सतरावे कलम सांगते की अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध आहे. इंग्रजी मूळही तसेच आहे: ‘इज ॲबॉलिश्ड’, ‘इज फॉरबिडन’. कर्ता नाही. एकविसावे कलम सांगते की कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धतीखेरीज कोणाही व्यक्तीला तिच्या जीवितापासून किंवा स्वातंत्र्यापासून वंचित केले जाणार नाही. वंचित करणारा कोण, हे गाळलेले आहे. ही पळवाट म्हणायची का? कर्ता लिहिला असता तर पळवाट झाली असती! ‘पोलिस वंचित करणार नाहीत’ म्हटले असते तर तहसीलदार सुटला असता. ‘शासन’ म्हटले असते तर शासन म्हणजे कोण यावर वाद घालता आला असता. जागा रिकामी ठेवली म्हणून ती निदान अधिकाराच्या प्रत्येक खुर्चीला लागू पडते. आणि कर्ता कोठे बोलायला हवा हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पुरेपूर ठाऊक होते. सरनाम्यात ‘आम्ही, भारताचे लोक’ आहे. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरात लाखोंनी ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या ‘मी’च्या आहेत; मी मानणार नाही, मी करणार नाही. शपथ घेताना कर्ता स्वतः उभा राहतो, कायदा करताना कोणालाच सवलत राहू नये म्हणून तो मागे सरतो. कोणता प्रयोग कोठे, हे त्या माणसाने कामावरून ठरवले, प्रतिष्ठेवरून नाही.

शाळेत आम्ही नेमके हेच शिकवत नाही, आणि म्हणून गुणांच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांवर माझा राग कार्यकर्त्यावरच्या रागापेक्षा अधिक आहे. ‘चेंज द व्हॉइस’ म्हणून फळ्यावर ‘राम इट्स अ मँगो’ लिहायचे आणि मुलांनी ‘अ मँगो इज ईटन बाय राम’ करायचे. आंबा असा कोणी खात नाही आणि असे कोणी बोलत नाही. सव्वीस वर्षे मी हे करून घेतले. मुले कर्ता-कर्माची अदलाबदल नांगराच्या तासासारखी सरळ करत आणि पाचपैकी पाच गुण घेत. एका वर्षी ‘द वर्क विल बी डन बाय मंडे’ या वाक्याला एका मुलीने ‘मंडे विल डू द वर्क’ असे कर्तरी करून आणले आणि वर मलाच विचारले, ‘सर, हा मंडे कोन व्हय?’ वर्ग हसला. चूक तिची नव्हती. ‘बाय’ म्हणजे करणारा, एवढेच तिला आम्ही शिकवले होते. सोमवारपर्यंत काम होईल, हा अर्थ तिला कोठून दिसणार?

त्याच मुलीच्या घरी कपाशीच्या औषधाची बाटली होती. तिच्यावर लाल त्रिकोण आणि मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत सूचना. अशा सूचनांची भाषाच पॅसिव्ह असते. विषाच्या जुन्या इंग्रजी बाटल्यांच्या काचेवरच ‘नॉट टू बी टेकन’ असे उमटवलेले असे. ‘मस्ट बी वॉश्ड’, ‘शुड नॉट बी मिक्स्ड’, ‘टू बी फिल्ड इन बाय द अप्लिकंट’, ‘ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्यूटेड’: खेड्यातल्या माणसाला जी इंग्रजी खरोखर भेटते ती बाटलीवर, बियाण्याच्या थैलीवर, बँकेच्या फॉर्मवर आणि कुंपणाच्या पाटीवर, आणि तिच्यात आंबा खाणारा राम कोठेही नसतो. आठवड्यात एक तास या कागदांवर घालवला आणि प्रत्येक वाक्याला ‘हे कोणी करायचे?’ एवढे विचारले, तर पॅसिव्ह वर्षभरात येईल आणि फॉर्मही भरता येईल. ‘बाय द अप्लिकंट’ या तीन शब्दांत सगळी जबाबदारी कोणावर टाकली आहे हे एकदा कळले की मग ते मूल फलकावरचे मराठीही त्याच डोळ्यांनी वाचते. पण हा प्रश्न परीक्षेत येत नाही, म्हणून वर्गातही येत नाही.

वाचनालयातल्या त्या चर्चेनंतर मी कार्यकर्त्याला म्हटले की फलकावरचे ‘करण्यात आले आहे’ खोडून तेथे काय लिहायचे ते सांग. तो म्हणाला, ‘ग्रामपंचायतीने काम पूर्ण केले आहे.’ म्हणजे कर्ता मिळाला आणि पाणी नव्हतेच. मग आम्ही दोघांनी मिळून माहितीच्या अधिकारात अर्ज लिहिला: काम कोणत्या कंत्राटदाराने केले, मोजमाप कोणत्या अभियंत्याने घेतले, पूर्णत्वाच्या दाखल्यावर कोणत्या तारखेला कोणाची सही झाली. चार प्रश्न, चारही ‘कोण’चे. तिसाव्या दिवशी उत्तर आले. ‘सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही.’ वाक्य कर्तरी आहे, कर्ता माहिती. खाली सही आहे, पण नाव लागत नाही. अपिलाचा अर्ज परवा टपालात टाकला.